सोमवारपासून बडी चालू

सोलापूरच्या उन्हात छत्री मिटून काखेत धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा हेडमास्तर होता. मे महिन्यात डांबर चपलेला चिकटायचं तेव्हाही यांचा काळा कोट गळ्यापर्यंत बंद, टोपी सरळ आणि छत्री काखेत. मी नवा होतो. एकदा न राहवून विचारलं, "सर, छत्री उघडत का नाही?"

"उघडली की तोंड झाकतं," ते म्हणाले. "शाळा येतेय हे गल्लीला लांबून दिसलं पाहिजे की."

स्वतःला ते शाळा म्हणत. 'शाळा काल राजव्वाच्या दारात जाऊन आली', 'शाळेला आज जरा कणकण आहे', असं. पहिले काही दिवस मी हा उन्हाचा परिणाम समजत होतो.

मी करमाळ्याचा. ट्रेनिंग कॉलेजातून ताजा बाहेर पडलेलो, आणि ताज्या मास्तराला असतो तेवढा स्वतःबद्दलचा आदर माझ्यापाशी होता. सत्तरनंतरची ती वर्षं. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत आमची सरकारी मराठी शाळा होती. आजूबाजूला बहुतेक तेलुगू घरं. पुरुष मागावर, बायका दारात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत. मागांचा खडखडाट इतका अखंड असायचा की तो थांबला तर मुलं चमकून वर बघायची. हेडमास्तर अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलणारे. होकार द्यायचा झाला की 'हौद हौद' म्हणत. नकार मात्र शुद्ध मराठीत देत.

आल्या आल्या मी एक पालक सभा घेतली. छापील निमंत्रणं मुलांच्या हाती धाडली, शेजारच्या मांडववाल्याकडून खुर्च्या आणल्या, फळ्यावर रंगीत खडूने 'सुस्वागतम्' काढलं. सभेला एक गृहस्थ आले. हातात पत्र्याचा डबा. पहिल्या रांगेत मधोमध बसले. आलेल्या पालकाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून मी पूर्ण भाषण केलं. घर आणि शाळा ही एकाच रथाची दोन चाकं आहेत, वगैरे. गृहस्थ मन लावून ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, "काही शंका?"

ते उभे राहिले. "सगळं पटलं बगा मास्तर. फकस्त रॉकेल किती वाजता देनार?"

रॉकेलचं दुकान मागच्या बोळात होतं. खुर्च्या बघून त्यांना वाटलं, यंदा रांगेची सोय बरी केलीय.

हेडमास्तर दारात उभे होते. ते हसत नसत. हसायची वेळ आली की छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत जायची. ती गेली. म्हणाले, "मास्तर, माणूस काहीतरी मिळतं तिथं रांग लावतो. तुमच्याकडं काय मिळत होतं? चाकं."

त्यांची स्वतःची पद्धत वेगळी होती. शाळा सुटली की निघायचं, एक गल्ली धरायची, दारोदार जायचं. घरात मात्र पाऊल टाकायचं नाही. कितीही आग्रह होवो, बाहेरच्या पायरीवरच बसायचं. "आत गेलो की पाहुणा होतो," ते म्हणत. "पाहुण्याला कुणी खरं सांगत नाही. चहा सांगतात."

पायरीवर बसून ते फक्त मराठीत बोलत. बायका त्यांना मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर देत आणि मग आपापसांत तेलुगूत सुरू होत. कोटाकडे बघत काहीतरी, पोटाकडे बघत काहीतरी, मग हसणं, मग नवऱ्यांबद्दल, सासूबद्दल, पोरांबद्दल. हेडमास्तर समोरच्या भिंतीकडे बघत स्वस्थ बसायचे. मला त्यांची कीव यायची. जन्म इथे काढला आणि तेलुगूचा गंध नाही! मी तर भाजीवालीकडून रोज एक शब्द उचलत होतो आणि तो त्याच दिवशी वापरून टाकत होतो.

निघताना ते दाराशेजारच्या भिंतीवर खडूने एक ओळ लिहीत. खबर लिहीत नसत, प्रश्न लिहीत. 'पद्मा आज दिवसभर गप्प होती. का?' 'अंबादासला भागाकार येतो. वजाबाकी कुठे गेली?' आईला वाचता येत नसे, तेव्हा मुलानेच तिला वाचून दाखवायचं अशी योजना. "वाचनही होतं आणि घरात बोलणंही होतं," ते म्हणत. "खबर दिली की माणसं मान हलवतात. प्रश्न दिला की तोंड उघडतात."

या योजनेत एक भोक होतं आणि ते मला शिऱ्याच्या रूपाने सापडलं. एका सकाळी अंबादासची आई राजव्वा पितळी डबा घेऊन शाळेत आली. "पोरगा पैला आला न्हवं, भितीवर लिवलंय की," म्हणाली. मी तिचं अभिनंदन केलं, मुलाची बुद्धी मी पहिल्याच दिवशी ओळखली होती असंही सांगितलं, आणि शिरा खाल्ला. वेलदोडा घातलेला होता, म्हणून पुन्हा घेतला. तेवढ्यात हेडमास्तर आले.

"शिरा कसला?"

"अंबादास पहिला आला म्हणून."

"कशात?"

माझा घास जागीच थांबला. भिंतीवर प्रत्यक्षात लिहिलेलं होतं: 'अंबादासने आज पाटी फोडली. कुणाच्या डोक्यात, ते विचारा.'

त्या दिवसापासून अंबादासची ओळ समोरच्या घराच्या भिंतीवर आणि समोरच्याची अंबादासच्या भिंतीवर, असा नियम झाला. दुसऱ्याचे प्रताप वाचताना मुलांचे उच्चार किती स्वच्छ येतात, हे मला ट्रेनिंग कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा नियम शनिवारचा. शनिवारी सकाळी कुणाचीही आई येऊन वर्गात मागे बसू शकत होती. हात रिकामे ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून बायका सूप घेऊनच येत. मी पुढे कविता शिकवणार, त्या मागे बिड्या वळणार. तंबाखूची धूळ पंख्याशिवायच्या त्या खोलीत बरोबर माझ्या नाकाकडे वळायची. एका शनिवारी मी कवितेच्या प्रत्येक ओळीला शिंकलो. पोरांना वाटलं, तालच तसा आहे. शेवटच्या कडव्याला सगळा वर्ग माझ्याबरोबर शिंकला. मागून एक बाई तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि सगळ्या जणी सुपं सांभाळत लोटपोट झाल्या.

"काय म्हणाली असेल हो?" मी हेडमास्तरांना विचारलं.

"मला काय कळतंय," ते म्हणाले. छत्री दुसऱ्या काखेत गेली.

आता सातवीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं. आमची शाळा सहावीपर्यंत. हेडमास्तरांनी वरच्या कचेरीत खेटे घालून सातवीचा वर्ग मिळवला होता, पण तात्पुरता. पोरं भरली तर राहील, नाहीतर बंद. सातवीत बहुतेक मुलीच होत्या, कारण मुलगे तोवर मागावर गेलेले असत. दुसरी सातवी रेल्वेलाइनच्या पलीकडे होती आणि तिथं पोरीला धाडायला एकही घर तयार नव्हतं. म्हणजे आमची सातवी गेली की या पोरी सरळ सुपापाशी बसणार.

"मास्तर, या गल्लीतलं भांडण एका वेलांटीचं आहे," हेडमास्तर म्हणायचे. "तेलुगूत शाळेला म्हणतात बडी. वेलांटी दिली की झाली बिडी."

पद्माच्या घरी ते भांडण रोज चाले. पद्माची आई नरसव्वा गल्लीत आवाजासाठी प्रसिद्ध होती. माग चालू असतानाही तिची हाक ऐकू यायची. पद्मानं सातवी करावी असं तिला वाटे. नवऱ्याचं म्हणणं, घरात आणखी एक सूप आलं तर बिघडलं कुठं? शेवटी तोड निघाली होती ती अशी: शाळा बोलावतेय तोवर पोरीनं जावं. शाळेनंच पुरे म्हटलं की मग कुणी काही बोलायचं नाही.

त्या जूनमध्ये शाळा उघडली आणि लगेच वादळात पत्रे उडाले. दुरुस्ती होईपर्यंत शाळा बंद. त्यातच हेडमास्तरांना कावीळ झाली. आणि त्यातच वरून निरोप आला, सोमवारी साहेब सातवी बघायला येणार.

शुक्रवारी मला हेडमास्तरांनी घरी बोलावलं. खाटेवर पडले होते. अंगावर चादर, पण डोक्यावर टोपी. डोळे हळदीसारखे पिवळे.

"उद्या सगळ्या गल्ल्या फिरा. दारोदार सांगा, सोमवारपासून शाळा चालू. एवढंच."

"तेलुगूत सांगू का, सर?"

"कशाला? तीन शब्द आहेत. मराठीत सांगा. कळतं सगळ्यांना."

मी मनात म्हटलं, यांना येत नाही म्हणून दुसऱ्यानंही बोलू नये! घरी येऊन मी तयारी केली. सोमवारपासून म्हणजे 'सोमारम् नुंची'. शाळा म्हणजे 'बडी'. चालूला काही तेलुगू शब्द आठवेना. पण चालू कुणाला कळत नाही? नळ चालू, माग चालू, सिनेमा चालू. तो तसाच ठेवला.

शनिवारी मी शाळेची घंटा हातात घेऊन निघालो आणि प्रत्येक दारात थांबून, भाजीवालीचे हेल काढून ओरडलो, "सोमारम् नुंची बडी चालू!"

परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा होता. बिड्या वळणारे हात थांबले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. राजव्वानं तोंडावर पदर धरला. मला वाटलं, माझ्या उच्चारांनी भारावल्या. नरसव्वा तर उठून उभीच राहिली. "निजमेना, मास्तर?" म्हणाली. हे मला येत होतं: खरंच का?

"निजम!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "हेडमास्तरांनीच सांगितलंय!"

आतून तिचा नवरा बाहेर आला, माझ्याकडे प्रेमानं बघून "मंचिदी" म्हणाला, म्हणजे फार छान, आणि परत मागावर जाऊन बसला. इतक्या मोकळ्या मनाचा पालक मी पाहिला नव्हता. मी पुढच्या गल्लीत जास्तच जोरात ओरडलो.

सोमवारी खालच्या वर्गांत कानडी आणि मराठी घरांतली थोडी पोरं आली. सातवीच्या खोलीत नवे पत्रे होते, झाडलेल्या बसायच्या पट्ट्या होत्या, मी होतो. बाकी कुणी नव्हतं. साहेब स्कूटरवरून आले आणि खोलीत डोकावून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळानं टांगा थांबला. डॉक्टरनं उठायला बंदी केलेले हेडमास्तर कोट, टोपी, छत्रीसकट त्यातून उतरले. त्यांनी खोलीत पाहिलं, मग मला बाजूला घेतलं.

"मास्तर, काय सांगितलंत?"

मी सांगितलं. हेल काढून सांगितलं.

"चालू म्हणालात?"

"चालू."

"मास्तर," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तेलुगूत चालू म्हणजे पुरे. सोमवारपासून शाळा पुरे झाली, असं सांगून आलात तुम्ही."

माणसाच्या तोंडून नको त्या वेळी नको तोच प्रश्न निघतो. मी म्हणालो, "सर, तुम्हाला तेलुगू येतं?"

"तुमच्यापेक्षा बरं येतं."

"मग इतकी वर्षं..."

"येत नाही असं वाटलं की माणसं समोर खरं बोलतात." ते रिकाम्या पट्ट्यांकडे बघत होते. "रस्त्यावरचा कुणी असं ओरडला असता तर बायकांनी हसून सोडून दिलं असतं. पण शाळा दारात येऊन सांगते ते खरं असतं, हे मीच त्यांना शिकवलंय. सातवी मीच आणली, मास्तर, आणि मीच घालवली."

मी 'तुम्ही कुठे, मी' असं म्हणणार होतो. पण तेवढं धैर्य गोळा होईपर्यंत साहेबांनी हाक मारली.

"एकही मुलगी नाही हो," साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता; उन्हात दमला होता. "पालकांनाच नको असेल तर आपण वर्ग कुणासाठी चालवायचा?"

हेडमास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून नरसव्वाचा आवाज आला. निदान मला तसंच वाटलं. प्रत्यक्षात ती फाटकातून आत शिरत होती. मागे राजव्वा, तिच्या मागे गल्लीतल्या बायका, कित्येकजणी कमरेवर सूप घेऊन. नरसव्वा सरळ माझ्यासमोर आली आणि बोलू लागली. भाजीवालीनं मला यातला एकही शब्द शिकवला नव्हता. मला फक्त 'मास्तर' आणि 'चालु' कळत होतं, आणि त्यामधलं जे होतं ते न कळणंच बरं, एवढं कळत होतं. मागून सगळ्यांचा एकच गलका, "बडी चालु कादू! चालु कादू!" म्हणजे शाळा पुरे नाही.

"काय म्हणताहेत या?" साहेबांनी विचारलं.

"म्हणताहेत," हेडमास्तर म्हणाले, "शाळा बंद करायची तर आम्हाला विचारा."

"यांना कसं कळलं, मी कशासाठी आलोय?"

"कळवलं होतं."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. नरसव्वानं ओळखलं, मोठा माणूस हाच. ती मला सोडून त्यांच्याकडे वळली आणि मराठीवर आली.

"सायब, शनवारपास्नं नवऱ्यासंगं भांडतीया. त्यो म्हनतो, शाळाच म्हन्ली पुरं, आता तुजं काय? मी म्हन्लं, शाळा म्हनू दे. मी न्हाय म्हनत."

हेडमास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी छत्री काखेतून काढून भिंतीला टेकवली. तसं करताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. मग ते एक पाऊल पुढे आले आणि बायकांशी बोलले. अस्खलित तेलुगूत. चूक शाळेची आहे, शाळा पुरे झालेली नाही, पोरींना आत्ता घेऊन या, असं काहीतरी असावं.

पण बायका जागच्या हलेनात. आधी मला कळेना का. मग एकीचे डोळे मोठे झाले, दुसरीनं पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला. राजव्वाच्या हातातलं सूप तिरकं होऊन तंबाखू सांडली. इतकी वर्षं त्या माणसाच्या पुढ्यात बसून त्याच्या कोटाबद्दल, पोटाबद्दल, चालीबद्दल आणि घरोघरच्या नवऱ्यांबद्दल काय काय बोललो, ते त्या एकेक करून आठवत होत्या. मग एकदम सगळ्या वळल्या आणि पळाल्या. पोरी आणायला पळाल्या की तोंड लपवायला, सांगता येणार नाही. पण पोरी आल्या. ओल्या केसांनी, अर्धवट वेण्यांनी, बोटांना तंबाखूचा पिवळा रंग घेऊन आल्या आणि पट्ट्यांवर बसल्या. पद्मा पुढेच बसली. नरसव्वा दाराशी उभी राहून प्रत्येक पोरीला आत ढकलत होती, दुसऱ्यांच्यासुद्धा.

साहेब खोलीत फिरले, दोघी-तिघींना वाचायला लावलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "राहू द्या सातवी. मी बघतो." मग त्यांना राहवेना. "पण वर्गासाठी आया भांडायला येतात, हे मी अजून कुठं पाहिलं नाही. कुणी जमवलं?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. "या मास्तरांनी."

"शाबास! कसं काय जमवलंत?"

"तेलुगूतून सांगितलं, साहेब," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला, आणि मी तो हलवू दिला.

सातवी राहिली, पण हेडमास्तरांचं नुकसान झालं. बरे होऊन ते पुन्हा गल्लीत जाऊ लागले तेव्हा पायरीवर बसले की बायका गप्प. नमस्कार, पाणी, बसा सर, पोरगी बरी हाय. तेलुगूचं अवाक्षर नाही. वर्षानुवर्षं न मागता कानावर पडणारं सगळं बंद झालं. ते तासभर बसून परत येत आणि हजेरी बघत.

मग एका संध्याकाळी ते जरा घाईनं शाळेत शिरले. मी वह्या तपासत होतो.

"मास्तर, नरसव्वा बोलली."

"तेलुगूत?"

"मराठीत. तोंडावर. सगळ्या बायका ऐकत असताना." ते खुर्चीत बसले आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. "म्हणाली, तुमचा तो मास्तर परत तेलुगूत बोलला तर त्याच्या डोक्यात सूप घालीन."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"हसू नका. इतकी वर्षं शाळा घरांना सांगत होती. घरानं शाळेला सांगितलेली ही पहिली सूचना आहे," ते म्हणाले. "पाळायची."